गुत्ता म्हणून नाक का मुरडायचे?

महोदय,

वास्तुवारशावरच्या आपल्या रविवारच्या पानात किल्ले आले, वाडे आले, घाट आले. खाण्यापिण्याच्या जुन्या जागा मात्र एका ओळीत उरकल्या आहेत. दारूच्या दुकानाला कसला आलाय वारसा, असा एकूण सूर. मी स्वतः चहापलीकडे जात नाही, तरी तो खटकला.

गेल्या वर्षी लेकीकडे उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेलो होतो. तिने ग्रेट व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या ‘क्राउन लिकर सलून’ या जुन्या पबमध्ये नेले. आत गॅसचे दिवे, नक्षीदार छत, लाल ग्रॅनाइटचा काउंटर. एका अंगाला ‘ए’ ते ‘जे’ अक्षरांचे दहा लाकडी कप्पे. त्यांना तिथे स्नग म्हणतात. दार लावून घेतले की आत कोण बसलेय ते कळत नाही. चारचौघांत प्यायला संकोचणाऱ्यांची सोय! काडी ओढायची धातूची पट्टीसुद्धा जागच्या जागी आहे. तिथे पबमध्ये सिगारेटला २००७ पासून बंदी, पण पट्टी कोणी उपटली नाही. मी अंगठा फिरवून पाहिला.

ही सजावट १८८५ नंतरची. चर्चच्या कामासाठी आलेल्या इटालियन कारागिरांकडून मालकाने ती करून घेतली, असे सांगतात. दाराशी जमिनीवर मोझॅकचा राजमुकुट आहे. त्याची कथा मजेशीर. बायको ब्रिटिश राजसत्तेशी एकनिष्ठ, नवरा आयरिश राष्ट्रवादी. तिने नाव ‘क्राउन’च ठेवायला लावले, तर याने मुकुट गिऱ्हाइकांच्या पायाखाली घातला. खरेखोटे देव जाणे.

याच दोन गटांतल्या पुढच्या हिंसक संघर्षात समोरच्या युरोपा हॉटेलवर तीसहून अधिक बॉम्बहल्ले झाले. त्या दणक्यांनी क्राउनच्या काचाही फुटल्या. तरी १९७८ मध्ये, ऐन धामधुमीत, वारसास्थळे जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने हा पब विकत घेतला. इंग्रज कवी जॉन बेचमन यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. मला कौतुक वाटते ते पुढचे: ट्रस्टने त्याचे संग्रहालय केले नाही. बिअर आजही विकली जाते, संध्याकाळी कप्पा मिळायची मारामार असते.

आपल्याकडे इराण्याचे हॉटेल बंद पडले की संगमरवरी टेबले आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या भंगारात निघतात, आणि मग आपण हळहळणारे लेख छापतो. पुढच्या पुरवणीसाठी आपल्या प्रतिनिधीला एखाद्या चालू इराण्याकडे पाठवावे. दर्शनी भागाचा फोटो काढून परतू नये, आत बसून चहा घ्यावा.

– एक वाचक, ठाणे