वारीचं शूट वाचवलंत दादा, मनापासून आभार

नमस्कार दादा,

फोनवर थँक्यू म्हटलं तर तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदललात, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय, आणि जरा डिटेलमध्ये लिहितेय कारण याच प्रॉब्लेममध्ये अडकलेले अजून बरेच जण असणार.

आमच्या गावच्या दिंडीचं शूट किती मोलाचं आहे ते तुम्हाला आता माहितीये. पोरं आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालली, दिवेघाट, जेजुरी, लोणंदच्या पुढं चांदोबाच्या लिंबाजवळचं उभं रिंगण, सगळं टिपलं आणि मुक्कामाला जिथं नेट मिळेल तिथून क्लाउडवर टाकत गेली. एडिट मी घरी करायचं, आणि सप्ताहात मंदिरासमोर पडद्यावर दाखवायचं असं ठरलेलं. त्यात आमच्या विणेकरी आजोबांचं बोलणं आहे, ते आता पुढच्या वर्षी चालणार नाहीत, ते परत कुठून शूट करणार?

आणि तेच दिसेना. फोल्डर उघडला की सगळ्या क्लिपा जागेवर, नावं बरोबर, थंबनेलसुद्धा बरोबर, पण एडिटिंगच्या टाइमलाइनवर निम्म्या क्लिपा लाल, मीडिया ऑफलाइन, म्हणजे फाइल सापडत नाही. रीलिंक केलं, म्हणजे फाइल कुठं आहे ते परत दाखवून दिलं, की थोडा वेळ चालायचं, प्लेहेड (टाइमलाइनवरची ती उभी रेघ) जरा सरकवला की परत अडकायचं, एक्सपोर्ट तर अर्ध्यातच बंद पडायचा. ज्याला विचारावं तो म्हणे रॅम वाढवा, नाहीतर सॉफ्टवेअर काढून परत टाका. शेवटी साउंडवाल्या मामांनी तुमचा नंबर दिला, ना ओळख ना पाळख, आणि तुम्ही स्वतःचं काम बाजूला ठेवून बसलात.

तुमचं पहिलंच वाक्य मला अजून आठवतंय, "ताई, आधी त्या फोल्डरमधलं काहीही डिलीट करू नका, इथून उडवलं की क्लाउडवरनं पण उडेल आणि सगळ्यांकडनं जाईल." बाकी कुणीच शूटची काळजी केली नव्हती हो, सगळे सॉफ्टवेअरच्याच मागे लागलेले.

मग तुम्ही मला एका क्लिपवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडायला लावलं. साइझ ७५० एमबी, आणि त्याच्या खालच्या ओळीत साइझ ऑन डिस्क शून्य. तुम्ही म्हणालात, "ही नुसती पाटी आहे, दुकान अजून तिकडंच आहे." तिथं मला एकदम लख्ख कळलं. जागा वाचवायची म्हणून क्लाउडचं सॉफ्टवेअर खरी फाइल वर ठेवतं आणि आपल्याला फक्त नाव दाखवतं, नावाशेजारी तो छोटा ढग असतो. एडिटरला मात्र खरा डेटा लागतो, तोही लगेच. तुम्ही हिशोबच मांडून दाखवलात, कॅमेऱ्याची क्लिप सेकंदाला १०० मेगाबिटची, आमचं नेट कसंबसं ४०, म्हणजे एका मिनिटाचं शूट यायलाच अडीच मिनिटं, मग प्ले कसं होणार. त्यात एच.२६४ मध्ये, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवायच्या त्या प्रकारात, प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते, मधल्या एका फ्रेमवर जायचं तर आजूबाजूच्याही लागतात, म्हणून प्लेहेड सरकवला की अजूनच अडकायचं.

त्यानंतर अख्खा फोल्डर "कायम याच डिव्हाइसवर ठेवा" वर टाकला, रात्रभर डाउनलोड चालू ठेवलं, सगळ्या ढगांचे हिरवे टिक झाल्यावर ते सगळं बाहेरच्या एसएसडीवर कॉपी केलं, कट नाही, कॉपी, हे तुम्ही दोनदा बजावलंत, आणि प्रोजेक्ट त्या कॉपीला रीलिंक केला. कॅशचा, म्हणजे एडिटरच्या तात्पुरत्या फाइलींचा, फोल्डर पण क्लाउडच्या सिंकमधून बाहेर काढायला लावलात, कारण एडिटर तिथं सारख्या बारीक बारीक फाइली बनवतो आणि क्लाउडवाला त्या लगेच वर चढवायला बघतो, नेटही खातो आणि फाइल धरूनही ठेवतो. जुन्या लॅपटॉपसाठी प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या कॉपी, बनवायला शिकवलंत, आणि एक्सपोर्टच्या आधी ओरिजनलच वापरतोय ना ते बघायची आठवणही तुम्हीच केलीत.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी खूप होतं. पण मी जाता जाता म्हटलं की मोबाईलवरच्या अभंगात टाळ आधी दिसतो आणि आवाज मागून येतो, आणि सुरुवातीला बरोबर असतं, नंतर नंतर घसरत जातं, तर तुम्ही न बघताच सांगितलंत की मोबाईलचा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) बदलता असतो, हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट, म्हणजे एकसारखा, करून घ्या. केलं. आता टाळाचा प्रत्येक ठोका हातावर पडतोय! विणेकरी आजोबांना तो तुकडा दाखवला तर त्यांनी परत लावायला लावला.

एवढा वेळ दिलात, पैशाचं नाव काढू दिलं नाहीत, आणि एकदाही "एवढंही माहीत नाही का" असा सूर लावला नाहीत, हे मला कायम लक्षात राहील.

एक्सपोर्ट पूर्ण झालाय दादा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितला, एकही लाल फ्रेम नाही. तुम्ही सांगितलेली दुसरी हार्ड डिस्कही मागवलीय, आली की सगळ्याची अजून एक कॉपी करून मंदिराच्या कपाटात ठेवणार. काल्याच्या आदल्या रात्री हरिपाठ झाला की पडद्यावर लावणार आहोत, वहिनींना आणि मुलांना घेऊन नक्की या, जेवण आमच्याकडेच.

तुमची,
दिंडीवाली ताई