काकू, बॅगेतून जे काढायला लावलंत त्याबद्दल

काकू, शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही "ते राहू दे, जेवलीस का?" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आपल्याकडच्या नर्स, शिक्षक, फिजिओथेरपिस्ट लांबच्या मुदतीच्या सेवेसाठी परदेशी जातात, तेव्हा बॅग भरायची कशी हे सांगणारं माणूस त्यांना मिळतंच असं नाही. मला मिरजेत, दोन गल्ल्या पलीकडे मिळालं.

युगांडातल्या काबालेच्या दवाखान्यात नर्स म्हणून जायचं ठरलं, तेव्हा युगांडा म्हटल्यावर आमच्या घरात सगळ्यांना आधी ऊन दिसलं. आईने पातळ सुती कपड्यांचे गठ्ठे काढून ठेवले होते. तुम्ही आलात, चष्मा लावलात आणि पहिला प्रश्न केलात, "काबाले किती उंचावर आहे माहितेय का?" काबाले साधारण 2,000 मीटरवर आणि आपलं कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर एक सबंध गाव, बाजार, शाळा आणि दवाखान्यासकट! रात्री इथे पारा दहा-अकरा अंशांपर्यंत उतरतो. तुमचा तो जुना मरून स्वेटर नाईट ड्युटीला मी रोज घालते. त्याच्यावर पांढरा कोट चढवला की बाहेरून काही कळत नाही.

उंचीचाच दुसरा हिशोब तुम्ही स्वयंपाकाचा मांडलात. इतक्या उंचीवर पाणी 93 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात राजमा तासन्‌तास रटरटत राहतो. इथे तर घेवड्याचे, राजम्याचे दाणे हेच रोजचं जेवण. म्हणून तीन लिटरचा कुकर न्यायचाच, हा तुमचा हट्ट. तो कसा भरलात तेही सगळ्यांना सांगते. आत तळाला जुन्या सुती ओढणीत गुंडाळलेला गोडा मसाला, त्यावर आमसुलं, मेतकुटाची पुडी, मधल्या फटींत लोकरीचे मोजे, झाकण उलटं घालून वरून पंचा बांधलेला. जास्तीच्या गास्केटी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळ्या डबीत, शिट्टीसोबत. इतक्या मोठ्या भांड्यातली एक बोटभर जागासुद्धा वाया गेली नव्हती.

पण तुम्ही भरलेल्या गोष्टींपेक्षा काढलेल्या गोष्टींसाठी मी जास्त ऋणी आहे. शेंगदाणे काढलेत, कारण युगांडात भुईमूग भरपूर पिकतो आणि दाण्याची दाट आमटी इथे घरोघरी होते. तूरडाळ, हळद, जिरं काढलंत, कारण ते राजधानी कंपालातल्या भारतीय दुकानांत मिळतं. ज्वारीचं पीठ काढताना आईचा चेहरा पडला होता. तेव्हा तुम्ही तिला जवळ बसवून सांगितलंत, की काबालेच्या डोंगरउतारांवर ज्वारीच असते. आणि नाचणी? ती तर मुळात युगांडा-इथिओपियाच्या डोंगराळ भागातली, तिथूनच आपल्याकडे आलेली. पश्चिम युगांडातले लोक नाचणीच्या पिठाचा 'कालो' रांधतात, हाताने तोडून कालवणात बुडवून खातात. आईने ते ऐकलं आणि पिशवी स्वतःच उचलून आत नेऊन ठेवली. "तिथे काही मिळत नाही" ही भीती तुम्ही कोणाला न दुखवता घालवलीत. परक्या देशात कामाला जाताना तो देश उपाशी आणि उघडा आहे असं समजून बॅग भरणं मला आता फार चुकीचं वाटतं, आणि हे मी तुमच्याकडूनच शिकले.

काही गोष्टी तुम्ही दटावून काढायला लावल्यात. भावाची लष्करी छापाची सॅक त्यातली पहिली. युगांडात साध्या नागरिकाने लष्करी छापाचे कपडे वापरणं बेकायदा आहे, आणि सॅकचीसुद्धा जोखीम नको असं तुमचं म्हणणं. दुसरं म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्या. आपण चपलांना एक, साबणाला एक, धुवायच्या कपड्यांना एक अशा पिशव्या सहज कोंबतो. काबालेहून कंपाला चारशे किलोमीटरच्या वर आहे, तर सरहद्द ओलांडली की रवांडातलं किगाली शंभरेक किलोमीटर. सुट्टीत तिकडे जाणं होणारच. रवांडाने 2008 सालापासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातलेली आहे आणि सीमेवर सामान उघडून पिशव्या काढून घेतात. तुम्ही जुन्या परकरांच्या नाडीच्या पिशव्या शिवून दिल्यात. त्या इथल्या सहकारी सुईणींना इतक्या आवडल्या की आता दोघी-तिघींकडे तशाच आहेत, किटेंगे या इथल्या रंगीत छापील कापडाच्या.

इस्त्रीचं सांगितलं नसतंत तर मला कधी सुचलंच नसतं. मँगो फ्लाय नावाची माशी वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर अंडी घालते, मग तो कपडा अंगावर आला की अळी कातडीत शिरते आणि तिथे गळवासारखी गाठ येते. काबालेसारख्या थंड गावापेक्षा खालच्या उबदार भागात हा त्रास जास्त, पण कामानिमित्त तिकडे जावं लागतंच. उपाय एकच, आतल्या कपड्यांसकट सगळं दोन्ही बाजूंनी कडक इस्त्री करायचं. म्हणून तुम्ही नायलॉन, सिंथेटिक सगळं बाजूला केलंत आणि तापलेली इस्त्री सोसेल असं सुतीच ठेवलंत. इथे वीज नसली की कोळशाची इस्त्री चालते, ती मला तुमच्यामुळे आधीच माहीत होती.

विजेवरून आठवलं. इथले सॉकेट तीन चौकोनी पिनांचे, आपली गोल पिन त्यात जात नाही. प्रत्येक वस्तूला वेगळा अडॅप्टर घेण्यापेक्षा एकच चांगला अडॅप्टर आणि आपला एक्स्टेंशन बोर्ड, ही तुमची युक्ती मी इथे आलेल्या केरळच्या डॉक्टरांनाही सांगितली. आणि तो डोक्याला बांधायचा टॉर्च! एका रात्री प्रसूतीच्या ऐन वेळी दिवे गेले. बाळाचं डोकं दिसत होतं, जनरेटर सुरू व्हायला वेळ होता, आणि माझे दोन्ही हात मोकळे होते. बाई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत, काकू.

कागदांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण जाणाऱ्यांना ते लागेल. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची आणि निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, कारण दाखला दहा दिवसांनंतर ग्राह्य होतो. 2016 पासून तो आयुष्यभर चालतो. दाखल्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळलं पाहिजे. तो जवळ नसेल तर इथे उतरतानाही अडतं आणि परतताना भारतातही विलगीकरणात ठेवू शकतात. नर्सिंग कौन्सिलची मूळ प्रमाणपत्रं, गुड स्टँडिंगचा (म्हणजे नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचा) दाखला, औषधांची चिठ्ठी मूळ (जेनेरिक) नावांसह, पॉवर बँक, चष्म्याची दुसरी जोडी, हे सगळं हातातल्या बॅगेत. डॉलर न्यायचे तर नव्या, न दुमडलेल्या नोटा. जुन्या मालिकेतल्या इथे नाकारतात, आणि 50-100 च्या नोटेला लहान नोटेपेक्षा चांगला भाव मिळतो.

बॅगेला कुलूप लावल्यावर तुम्ही मला 1972 ची हकिगत सांगितलीत. रेल्वे बांधायला भारतातून आणलेले मजूर, मागोमाग आलेले व्यापारी, त्यांची इथेच जन्मलेली मुलंनातवंडं, आणि मग हुकूमशहा इदी अमीनने या सगळ्यांना देश सोडायला दिलेली 90 दिवसांची मुदत. घरदार, दुकान मागे टाकून एका सुटकेसमध्ये मावेल तेवढं घेऊन निघालेली माणसं. "आपल्या माणसांचं दुःख विसरू नकोस," म्हणालात, "पण तिथल्या माणसाला गोऱ्यांच्या राज्यात सगळ्यात खाली ठेवलं होतं आणि दुकानाच्या गल्ल्यावर आपला माणूस दिसत होता, हेही लक्षात ठेव. तू शिकवायला नाही, हाताशी हात लावायला चाललीस." पहिल्या दिवशी वॉर्डात गेले तेव्हा मी आधी "आगांदी" म्हणून सगळ्यांना रुकिगात, म्हणजे इथल्या भाषेत, नमस्कार केला, आणि मोठ्या सुईणबाईंना विचारलं की मी कुठून सुरुवात करू. त्यांनी मला शेजारी स्टूल दिलं.

परवा तुम्ही विचारत होतात, येणाऱ्या कुणाबरोबर काय पाठवू. खायचं काही नको, खरंच. कुकरची एक गास्केट पाठवा, शेजारच्या सिस्टरनेही आता कंपालाहून आपल्यासारखाच कुकर आणलाय. आणि सांगलीची एक मुलगी पुढच्या महिन्यात टांझानियाला निघाली आहे, तिला तुमचा नंबर दिलाय. ती रविवारी बॅग घेऊनच येईल.

तुमची,
काबालेतली लेक