कुमठे बीटातल्या एका बाईंना पत्र

आदरणीय बाई,

नाव मुद्दामच लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुमचे आभार एकट्यात मानून भागण्यासारखे नाहीत.

2015 सालचा फेब्रुवारी. परभणी जिल्ह्यातले आम्ही सात गुरुजी वर्गणी काढून, क्रूझर ठरवून, रात्रभर प्रवास करून साताऱ्याला आलो होतो. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या कुमठे बीटातल्या, म्हणजे त्यांच्या देखरेखीखालच्या गटातल्या, जिल्हा परिषद शाळांबद्दल बरंच चांगलं ऐकलं होतं. खरं सांगायचं तर मी खोट काढायलाच आलो होतो. पाहुणे येणार म्हटल्यावर पोरांकडून पाठ करून घेतलं असणार, अशी माझी खात्री होती.

तुमच्या वर्गात तुम्ही आम्हाला मागे बसवलंत आणि विसरून गेलात. दुसरीतली एक मुलगी 34 मधून 18 वजा करत होती. उत्तर लिहिलं 24. मी असतो तर तिथंच फुली मारली असती. तुम्ही फक्त म्हणालात, "काड्यांवर करून दाखव बरं." तिनं दहा-दहाचे तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या मांडल्या. एक गठ्ठा बाजूला सारला. आता आठ काड्या हव्यात आणि सुट्या तर चारच. बराच वेळ ती नुसती बघत बसली, तुम्हीही गप्प. मग तिनं स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं.

बाई, अकरा वर्षं मी "दशकाकडून एक उसना घे" असं शिकवत होतो. एकदा एका पोरानं विचारलं होतं, "सर, मग तो परत कधी द्यायचा?" सगळा वर्ग हसला, मीही हसलो आणि त्याला खाली बसवलं. त्या दिवशी तुमच्या वर्गात मला ते पोर आठवलं.

परत आल्यावर आधी चूकच केली. पदरचे पैसे घालून शाळेची फरशी तुमच्याकडच्यासारखी ऑइलपेंटनं रंगवून घेतली: संख्यारेषा, बाराखडी, शब्दांचे डोंगर. पोरं त्या चित्रांवर बसायची आणि मी फळ्यापाशी उभा राहून पहिल्यासारखाच बोलायचो. त्याच वर्षी 22 जूनला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या, प्रत्येक मूल शिकावं म्हणून आखलेल्या सरकारी कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, आणि मग तर आमच्याकडे फरश्या रंगवायची साथच आली. शासनानं तुमच्यासारख्यांच्या कामाची दखल घेतली हे चांगलंच झालं. पण कागदावरून खाली येता येता त्याचा रंग तेवढा उरला आणि तुमचं ते गप्प बसणं कुठंतरी गळून पडलं. फॉर्म मात्र भरपूर आले.

कंटाळून तुम्हाला फोन केला. शाळा सुटल्यावर, घरी स्वयंपाक करता करता तुम्ही अर्धा तास बोललात, मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. म्हणालात, "आठवडाभर काही शिकवू नका. पोरं काय करतात ते बघा आणि लिहून ठेवा." वहीत पहिल्या दिवशी तीनच ओळी झाल्या. सहाव्या दिवशी पानं पुरेनात. चौथीतला एक मुलगा वाचत नाही अशी माझी तक्रार होती. तो दुकानातल्या पुड्यांवरची नावं घडाघडा वाचायचा. त्याला पुस्तकाचीच भीती बसली होती, आणि ती मीच बसवलेली.

आमच्या शाळेनं जिल्ह्यात नाव वगैरे काढलं नाही. दोन शिक्षक, चार वर्ग, एक व्हरांडा, अजून तसंच आहे. पण हल्ली शेजारच्या केंद्रातले गुरुजी अधूनमधून येऊन मागे बसतात. गेल्या गुरुवारी दोघे आले होते. त्यांच्यासमोर एका पोरानं चुकीचं उत्तर दिलं, मी गप्प बसलो, आणि त्यातल्या एकाची चुळबुळ बघून मला मीच दिसलो.

निघताना तुम्ही आमच्या हातात झाडूच्या काड्यांचे तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या ठेवल्या होत्या. रबरं कितीदा बदलली, पण गठ्ठे अजून वापरात आहेत. सुट्या चार मात्र कधीच हरवल्या, त्याबद्दल माफी असावी.

आपला,
परभणीकडचा एक गुरुजी