'अवर ब्लूज'मधल्या त्या आजींविषयी

प्रिय मंजू,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, 'अवर ब्लूज' ह्या कोरियन मालिकेत ओक-दोंग आजीचं काम करणारी ती नटी कोण गं? नेमका तेव्हाच तुझ्याकडे पाहुणा टपकला. म्हणून आता सविस्तर लिहिते.

तिचं नाव किम हे-जा, जन्म 1941चा. कोरियात तिला 'देशाची आई' म्हणतात. मला विचारशील तर त्या बिरुदाला धक्का द्यायला तिला साठी ओलांडावी लागली.

बिरुद मिळालं 'जॉनवॉन इल्गी' ह्या मालिकेनं. खेड्यातलं शेतकरी कुटुंब, एमबीसी वाहिनी, 1980 ते 2002, हजाराच्या वर भाग. आणि आपण आपल्या मालिकांना लांबण लावतात म्हणून नावं ठेवतो! त्यात ही चोई बुल-आम ह्यांची बायको. डोक्यावर सासू, हाताखाली सुना. एका भागात घरी नवा फोन येतो. जो तो हौसेनं कुणाकुणाला फोन लावतो, ही नुसती बघते. रात्री सगळे झोपल्यावर गुपचूप रिसीव्हर उचलते आणि म्हणते, माझ्या आईला जरा बोलवा. आई तर कधीच गेलेली. घरभराच्या आईलाही आई हवी असते, हे तिनं एवढ्याशा प्रसंगात दाखवलं. रडारड नाही, पार्श्वसंगीताचा मारा नाही.

सूपमध्ये घालायच्या मसाल्याच्या जाहिरातीतही वर्षानुवर्षं हीच. तिच्या नावाचे तयार जेवणाचे डबेसुद्धा दुकानांत विकायला आले. एवढी माया अंगाला चिकटल्यावर दुसरी कुणी त्यावरच निभावून गेली असती.

ही नाही गेली. 2008च्या 'मॉम्स डेड अपसेट' मालिकेत सगळ्यांचं करून करून विटलेली आई घरच्यांकडे चक्क वर्षभराची रजा मागते! पुढच्याच वर्षी दिग्दर्शक बाँग जून-होचा 'मदर' हा सिनेमा. पोरावर खुनाचा आळ, आणि त्याला सोडवायला आई कुठवर जाते ते बघताना अंगावर काटा येतो. तीच माया, पण आता तिची भीती वाटते. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी त्यासाठी तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरवलं.

मग 2019ची 'द लाइट इन युअर आईज' ही मालिका. पंचविशीतली मुलगी एका सकाळी म्हातारी होऊन उठते. पुढचं सांगत नाही, सांगितलं तर तू माझ्याशी बोलणार नाहीस. त्यासाठी बेकसांग ह्या कोरियातल्या टीव्ही-सिनेमाच्या पुरस्कारांमधला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, तेव्हा बाई स्क्रिप्टचं पान फाडून घेऊन मंचावर गेल्या आणि शेवटचं निवेदन वाचून दाखवलं. समोर बसलेले नट-नट्या डोळे पुसत होते.

तुझी ओक-दोंग 2022ची. नवरा गेल्यावर दुसऱ्याच्या घरी राहायला गेलेली आणि पोटच्या पोराला 'मला आई म्हणू नकोस' असं बजावणारी बाई. मुलाच्या भूमिकेतला ली ब्युंग-हुन एवढा धुसफुसतो, ओरडतो, ही मात्र ढिम्म. ना खुलासा, ना माफी. प्रेक्षकांच्या दयेसाठी ती कुठेही पदर पसरत नाही, म्हणून मला ती आवडते.

गेल्या वर्षी, 2025मध्ये, 'हेवन्ली एव्हर आफ्टर' ही मालिका आली. स्वर्गात नवरा तिशीतला आणि ही ऐंशीचीच! कल्पना झकास, उत्तरार्ध मला रेंगाळलेला वाटला. पण ती पडद्यावर आली की हातातलं काम खाली ठेवावंच लागतं.

तू आधी 'लाइट' बघ, बाराच भाग आहेत. आणि शेवटाबद्दल इंटरनेटवर काही वाचू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे. भाऊजींना नमस्कार, चिनूला आशीर्वाद. बाकी भेटीअंती.

तुझीच,
सुलू