सर्व्हर अपग्रेडनंतर जुने क्लायंट बंद पडल्याबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: सबव्हर्जन सर्व्हरच्या अपग्रेडनंतर सपोर्टकडून झालेलं चुकीचं निदान

महोदय,

अंधेरी एमआयडीसीत आम्ही पॅकेजिंग मशीनचे कंट्रोल प्रोग्राम लिहितो. सगळा सोर्स कोड तुमच्या सबव्हर्जन (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर असतो. तुम्ही सर्व्हर १.१४ वर नेल्यापासून आमचे विंडोज एक्सपीचे पीसी जोडलेच जात नाहीत. टॉर्टॉइजएसव्हीएन १.६ मध्ये (पीसीवरून सर्व्हरशी जोडणारा प्रोग्राम, म्हणजे आमचा क्लायंट) अपडेट दाबलं की ‘एसएसएल हँडशेक फेल्ड’. मशीनचं सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढे चालत नाही, त्यामुळे ते पीसी बदलता येत नाहीत.

सपोर्टचं उत्तर ठरलेलं: क्लायंट जुना आहे, १.१४ टाका. ते एक्सपीवर बसतच नाही. शिवाय जुना क्लायंट नव्या सर्व्हरशी चालावा, हे सबव्हर्जनचं जाहीर धोरण आहे. अडतंय टीएलएसवर, म्हणजे जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रोटोकॉलवर (एसएसएलचीच पुढची पिढी). आम्ही नव्या लॅपटॉपवरून ओपनएसएसएल (टीएलएस जोडणी करणारं सॉफ्टवेअर) लावून पाहिलं: टीएलएस १.० ने गेलं की तुमचा सर्व्हर जोडणी तोडतो, १.२ ने लगेच घेतो. आमच्या क्लायंटमध्ये ओपनएसएसएल ०.९.८ आहे आणि त्याला १.२ येत नाही. टीएलएस १.० बंद केलंत ते योग्यच, २०२१ मध्ये ते अधिकृतपणे बाद झालं. पण ग्राहकांना आधी कळवायला नको होतं का?

याहून गंभीर गोष्ट म्हणजे तुमच्या इंजिनिअरने आमच्याकडे काम करणाऱ्या मुलाला फोनवर वर्किंग कॉपी (पीसीवरची कोडची प्रत) ‘अपग्रेड’ करायला सांगितलं. १.७ पासून कॉपीची रचनाच बदलली आहे. एकदा अपग्रेड केली की १.६ ला ती उघडत नाही, आणि मागेही फिरता येत नाही. त्या कॉपीत कमिट न झालेलं, म्हणजे सर्व्हरवर न चढवलेलं काम होतं, आणि मशीनच्या सॉफ्टवेअरमधलं सबव्हर्जनचं प्लगइन १.६ चंच आहे. मुलाने आधी मला विचारलं म्हणून काम वाचलं. कमिट न झालेलं काही आहे का, एवढं तरी तुमच्या माणसाने विचारायला हवं होतं.

सध्या पॅच (बदलांच्या फाइल) पेनड्राइव्हवर घेऊन एकाच लॅपटॉपवरून कमिट करतोय. त्यामुळे लॉगमध्ये सगळे बदल एकाच नावावर पडतात. उद्या ग्राहकाकडे मशीन अडलं तर तो बदल कोणी केला, हे शोधायचं कसं?

एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती टॉर्टॉइजएसव्हीएन १.८ आहे, आणि तिला टीएलएस १.२ येतं. ती तुमच्या सर्व्हरशी जुळते का, हे तपासून कळवा. प्लगइनसाठी काय मार्ग काढता येईल तेही सांगा. आणि अशा बदलाची सूचना यापुढे आधी द्या. या आठवड्यात लेखी उत्तर अपेक्षित आहे.

आपला,
तांत्रिक प्रमुख
अंधेरी (पूर्व), मुंबई