तुरीच्या डाळीचा डबा

चि. प्रीती,

प्रभू येशूचा आशीर्वाद.

रविवारी तू अर्ध्या ताटावरून उठून एसटी धरलीस, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी धड बोलत नाही. माझा आवाज चढला, कबूल. पण तू हात वर करून, टाळ्या वाजवून प्रार्थना करतेस म्हणून नाही चढला. गोळ्यांची पट्टी तशीच भरलेली दिसली आणि तू म्हणालीस, “बाबा, रिट्रीटला, त्या प्रार्थना-शिबिरात, माझ्यावर हात ठेवून प्रार्थना केली, मी बरी झाले.” तिथं माझं डोकं फिरलं.

गोळ्यांचं काही लिहायचं नाही, असं ठरवून बसलो होतो. चौथ्या ओळीतच आलं बघ.

टाळ्यांवर बोलायला मला तोंडच नाही. तुझे आजोबा नाताळात खंजिरी घेऊन रात्रभर भजनं म्हणायचे आणि जुन्या फादरांना ती चर्चच्या दारात नको असायची. त्या खंजिरीची एक चकती अजून आईच्या शिवणाच्या डब्यात आहे.

परवा मुद्दाम फादरांना विचारून आलो. ते म्हणाले, ही तुमची करिस्मॅटिक, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणारी चळवळ बाहेरच्या पंथाची नाही, आपलीच आहे. १९६७ साली अमेरिकेत, पिट्सबर्गच्या ड्यूकेन विद्यापीठातल्या कॅथलिक मुलांच्या रिट्रीटमधून ती सुरू झाली. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी या लोकांना रोममध्ये जवळ केलं. तीस वर्षं सायकलवर गावोगाव धर्मशिक्षण देत फिरलो आणि हे मला आत्ता कळतं आहे.

तरी एक सांगतो. शनिवारी रात्री तू देवघरासमोर बसून अन्य भाषेत, म्हणजे पवित्र आत्मा देतो म्हणतात त्या अनोळखी बोलीत, प्रार्थना करत होतीस. शब्द कळत नव्हते, नुसते ओठ हलत होते. मी दारातच थिजलो. फिट येण्याआधी तुझे ओठ अगदी तसेच हलायचे. नऊ वर्षांची होतीस, कापूस वेचत होतीस. ओटीतला कापूस सांडला आणि तू धुऱ्यावर आडवी. कोणी कांदा हुंगवला, कोणी चप्पल. भगताकडे न्या, असंही कोणी म्हणालं. मी, चर्चचा कॅटेकिस्ट, धर्म शिकवणारा माणूस, तुला बंडीत घालून त्याच्या गावाच्या अर्ध्या वाटेपर्यंत गेलो होतो. तुझ्या आईला हे आजही माहीत नाही. ओढ्यापाशी बंडी वळवली. दुसऱ्या दिवशी सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं.

म्हणून म्हणतो, घाबरलेल्या माणसाला काय काय पटतं, ते मला ठाऊक आहे.

आजाऱ्यांसाठी प्रार्थना करूच नये, असं रोम म्हणत नाही. २००० साली त्यावर नियमच काढले: बिशपांची देखरेख हवी, उन्माद नको. आणि प्रार्थना केली म्हणून औषध सुटत नाही, हेही त्यातच आहे. बायबलात पौल करिंथकरांना लिहितो, मंडळीत अन्य भाषेतल्या दहा हजार शब्दांपेक्षा समजून बोललेले पाच शब्द बरे. माझे पाच मोजून घे: रात्रीची गोळी चुकवू नको पोरी.

झाला वर्ग सुरू. माफ कर, सवय जात नाही. तू चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेत बायबलचं पहिलं वाचन करतेस तेव्हा मागच्या बाकावरच्या बहिऱ्या काकूही मान हलवतात. तेवढ्यापुरता मी छाती काढून बसतो, तुला कधी सांगितलं नाही. तुझा विश्वास माझ्यापेक्षा मोठा असेल. असू दे. प्रार्थना सोड, असं मी म्हणतच नाही. देवाने बरं केलंच असेल, तर डॉक्टरांच्या तपासणीतही ते दिसेल. तारीख घे, मी येतो सोबत. बाहेर बाकावर बसेन, तोंड उघडणार नाही.

यंदा सोयाबीन गेलं, तूर तेवढी बरी झाली. मोहनच्या हाती तुरीच्या डाळीचा डबा पाठवतो आहे. डाळ काढताना हात जरा खालपर्यंत घाल. आईने बजावलं होतं, पत्रात लिहू नका म्हणून.

तुझे बाबा