कणीस, पाणी आणि गावचे रस्ते

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

शिकागोतल्या दुकानातलं कणीस इलिनॉयमधल्याच आपल्या गावच्या कणसासारखं का लागत नाही, असं तू विचारलंस. त्यावरून तुझ्या लहानपणच्या बाकीच्या गोष्टीही निघाल्या. फोनवर ते सगळं अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहितोय. ऑक्टोबरात छोट्याला घेऊन येशील, तेव्हा त्यालाही दाखवता येईल.

आधी कणीस. जुन्या साध्या जातींच्या गोड मक्यातली साखर तोडल्या क्षणापासून पिठात बदलायला लागते, आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत एका दिवसात गोडवा निम्म्यावर येऊ शकतो. आपल्याकडे रस्त्याकडेला पिकअपच्या मागच्या फळीवर मिळायचा तो मका त्याच सकाळी तोडलेला असे. आता दुकानात बहुधा ‘सुपरस्वीट’ जाती येतात. त्यांचा उगम आपल्या शेजारचाच. अर्बानाच्या इलिनॉय विद्यापीठात जॉन लाफनन यांनी १९५०च्या दशकात त्यावर काम केलं. या जातींत साखर टिकते, पण दाण्याचं साल जरा चिवट लागतं आणि दुधाळपणा कमी असतो. तुला जी चव आठवते, ती त्या दुधाळपणाची. कणसाचे केस तपकिरी होऊन सुकले की वरचं पान थोडं बाजूला करून एका दाण्यात नख रोवायचं. पांढरट दूध आलं तर कणीस तयार. पाणी निघालं तर अजून चार दिवस थांबायचं, आणि घट्ट पिठूळ निघालं तर वेळ गेलेली असते.

परसात मका लावायचा झाला तर एकच लांब रांग कधीही लावू नये. कणसाचा प्रत्येक केस एकेका दाण्याशी जोडलेला असतो. त्या केसावर पराग पडला नाही तर तो दाणा भरतच नाही आणि कणीस दात पडल्यासारखं दिसतं. म्हणून चार-चार आखूड रांगांचा चौकोन करायचा, म्हणजे वारा कुठूनही आला तरी पराग आतच पडतो. गावाच्या चारी बाजूंनी जनावरांच्या खाण्याचा आणि इथेनॉलचा मका. त्याचा पराग वाऱ्याने सुपरस्वीटवर आला की दाणे कडक, पिठूळ होतात. गावात कित्येकांचा परसातला मका यामुळेच वाया जातो आणि दोष बियाण्याला दिला जातो. दोन्हींना तुरा, म्हणजे शेंड्यावरचा पराग सोडणारा फुलोरा, येण्यात दोन आठवड्यांचं अंतर राहील अशी पेरणी करायची, एवढाच त्यावर उपाय.

फ्रीजरसाठी: कणसं सोलून उकळत्या पाण्यात ४ मिनिटं. एका वेळी इतकीच टाकायची की पाणी मिनिटभरात पुन्हा उकळेल, नाहीतर पातेल्यात जास्त झालीत असं समज. लगेच बर्फाच्या पाण्यात, आतल्या बुरकुंडापर्यंत (दाण्यांमागच्या दांड्यापर्यंत) गार होईपर्यंत. इथे घाई केली की दाण्यांना बुरकुंडाची चव लागते. मग दाणे मुळापासून न कापता तीन-चतुर्थांश खोलीवर कापायचे. पिशवीत अर्धा इंच जागा सोडून हवा काढायची आणि तारीख घालायची. उकळण्याचा कंटाळा केला तर चव बिघडवणारी एन्झाइम्स फ्रीजरमध्येही काम करत राहतात, आणि जानेवारीत दाण्याला गवतासारखा वास येतो. या दाण्यांचा कीस करताना साखर अजिबात नको आणि दूध अगदी हात राखून. देशी मक्यात पीठ असतं, ते दूध पिऊन घेतं. यात ते नाही, म्हणून कीस पातळ राहतो. कढईत झाकण न ठेवता परतत राहिलीस की जमेल.

जुलैत तुझ्या शाळेतली मुलं पहाटे पिवळ्या बसने जायची ती तुरे खुडायला. बियाण्याच्या शेतात चार रांगा मादीच्या आणि एक किंवा दोन नराच्या. मादीच्या रांगांतले सगळे तुरे काढले की तिच्यावर फक्त नराचा पराग पडतो आणि संकरित बी तयार होतं. आधी यंत्र फिरतं, पण बुटकी आणि मागे राहिलेली झाडं त्याच्या हाती लागत नाहीत. ती माणसानेच बघायची. तुरा मुठीत धरून सरळ वर ओढायचा आणि जमिनीवर टाकायचा. पानाच्या बेचक्यात अडकून राहिला तर तिथूनही पराग सांडतो. सोबत वरची पानं ओढली गेली तर कणीस लहान भरतं. पहाटे दवाने अंग चिंब होतं, म्हणून मुलं कचऱ्याच्या मोठ्या पिशवीला भोकं पाडून ती अंगात घालायची. दहानंतर तीच पिशवी नकोशी व्हायची, पण बाह्या तर दिवसभर लांबच हव्यात, कारण पानाची कड हात कापते. मध्यंतरी हे काम जवळजवळ संपलं होतं. तुऱ्यात परागच न धरणारी मादी वापरायला लागले होते. मग १९७० साली पानांवरचा करपा नेमका त्याच जातीवर आला, अमेरिकेतलं सुमारे १५ टक्के पीक गेलं आणि हातांनी तुरे खुडणं परत आलं. ज्या कष्टांना मुलं कंटाळायची, त्यामागे एवढा मोठा धडा होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता पाणी. तुझ्या खोलीखाली बेसमेंटमध्ये मधूनच घरघर व्हायची, ती संप पंपाची, म्हणजे खड्ड्यात साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या पंपाची. आपल्या भागातली ही काळी जमीन मुळात दलदल होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्यात तीन-चार फूट खोल भाजलेल्या मातीच्या नळ्या टोकाला टोक लावून बसवल्या. सांध्यांतून पाणी आत शिरतं आणि उताराने नाल्याला जातं. आता नळ्या भोकांच्या प्लॅस्टिकच्या असतात, काम तेच. घराभोवतीचं पाणी मात्र पायाजवळच्या नळीतून खड्ड्यात येतं. तिथे तरंगणारा गोळा वर आला की पंप सुरू होतो. दर मार्चमध्ये खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप चालू-बंद होतो का ते पाहायचं. बहुतेक वेळा मोटर ठीक असते आणि गोळाच भिंतीला अडकलेला असतो. पाणी बाहेर जाऊन पुन्हा खड्ड्यात येत असेल तर नळीवरची उलटझडप गेली आहे. बॅटरीवरचा दुसरा पंप हवाच, कारण वीज जाते ती वादळात, आणि पंप लागतो तोही वादळातच. तू कधी गावाकडे घर घेतलंस तर छपराच्याही आधी हा खड्डा बघ.

बाहेरच्या नळाची रबरी नळी थंडी पडायच्या आत काढायची. ती लावलेली राहिली तर नळात पाणी अडकतं, गोठतं आणि भिंतीच्या आत पाइप फाटतो. कळतं ते एप्रिलमध्ये, नळ उघडल्यावर.

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वाजतो तो वादळाच्या इशाऱ्याचा सायरन चाचणीचा, त्याला छोट्याने घाबरायचं नाही. इतर वेळी वाजला तर खाली जायचं. मात्र तो घराबाहेरच्या माणसांसाठी असतो. बंद घरात झोपेत ऐकू येईलच असं नाही, म्हणून उशाशी वेदर रेडिओ, हवामानाचा इशारा देणारा.

ऑक्टोबरात रात्रभर जी घुमघुम ऐकू यायची, ती रुळांजवळच्या एलिव्हेटरची, म्हणजे धान्य वाळवून साठवायच्या उंच कोठ्यांची. मका कापताना त्यात बऱ्याचदा २० ते २५ टक्के ओल असते, साठवायला १५ हवी. ट्रक काट्यावर येतो, वरून नळी खुपसून नमुना घेतात, ओल मोजतात, मग मका ओतून रिकामा ट्रक पुन्हा काट्यावर. मक्याचं माप बुशेल, ५६ पौंडांचा एक. ओल जास्त असेल तर वाळवण्याचे पैसे कापून घेतात. न वाळवता साठवला तर ढीग आतून तापतो, बुरशी धरते आणि मक्याची ढेप होऊन बसते. ती ढेप फोडायला माणूस आत उतरतो आणि खाली ऑगर (दाणे बाहेर ओढणारा फिरता स्क्रू) चालू असला की दाणे काही सेकंदांत त्याला आत ओढतात. छोट्याला लांबून सगळं दाखवू. पण शिडी, कोठीचं दार आणि धान्याने भरलेली ट्रॉली, या तिन्हींवर त्याने चढायचं नाही, अगदी कुणी प्रेमाने बोलावलं तरी. हे त्याला येण्याआधीच सांगून ठेव.

आय-५५ हा महामार्ग सोडल्यावर रस्त्यांचे आकडे लक्षात आहेत ना? ‘१८०० नॉर्थ’ नंतर ‘१९०० नॉर्थ’ म्हणजे एक मैल. जीपीएस गेलं तरी मोजता येतं. खडीच्या चौकांत बऱ्याच ठिकाणी थांब्याची पाटी नसते. कापणी झाली नसेल तर आठ फूट उंच मक्याआडून गाडी दिसतच नाही, तेव्हा वेग अगदी कमी कर. पुढे हळू चालणाऱ्या वाहनाचा नारिंगी त्रिकोण दिसला की लगेच पाय उचल. तू ५५ मैलांनी, ट्रॅक्टर २० मैलांनी, म्हणजे दर सेकंदाला सुमारे ५० फूट अंतर कमी होतं. तो उजवीकडे सरकला तर वाट दिली असं समजून पुढे घुसू नकोस. लांब ट्रॉली डावीकडे वळवण्याआधी उजवीकडेच घ्यावी लागते.

शुक्रवारी अंधार पडायच्या आत निघ. फ्रीजरमधल्या दोन पिशव्या तुझ्यासाठी बाजूला काढल्या आहेत, बर्फाची पेटी घेऊन ये.

तुझा,
बाबा